मुलांना घेऊन तंबूतला पहिला मुक्काम

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा पाच वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत भंडारदऱ्याला जाऊन एक रात्र तंबूत राहायचे असे मुलांच्या बाबांनी ठरवले आहे. आमच्यापैकी कोणीही आजवर तंबूत झोपलेले नाही. यांनी वेळापत्रकही तयार केले आहे : पहिल्या दिवशी रंधा धबधबा, रतनवाडी आणि सांदण दरी, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कळसूबाई. मुलगा अंधाराला घाबरतो, रात्री एकदा तरी लघवीला उठतो आणि घाटात त्याला गाडी लागते. सासूबाई बरोबर येणार आहेत. त्यांचे गुडघे दुखतात आणि 'लेकरांना रानात कशाला निजवायचे, विंचूकाटा असतो' हे त्यांचे रोजचे पालुपद आहे. खरे म्हणजे भीती मलाही वाटते, पण मुलांना हे एकदा अनुभवायला मिळावे असेही मनापासून वाटते. जावे का? काय काळजी घ्यावी? आणि तंबू आत्ताच विकत घ्यावा का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जरूर जा. ठिकाण चांगले निवडले आहे आणि हंगामही योग्य आहे, कारण पाऊस सरल्यानंतरचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने आपल्याकडे तंबूत राहण्याचे खरे दिवस असतात. जमीन वाळलेली असते, गवत अजून उभे असते आणि धरण भरलेले असते. बदलायला हवे ते वेळापत्रक. लहान मुलांबरोबरच्या अशा सहलीचे बरेवाईट ठरते ते पहिल्या दिवशीच्या संध्याकाळी, साधारण पाच ते नऊ या वेळात. त्या वेळी तंबू उभा असेल, पोटात गरम अन्न असेल आणि मोठी माणसे दमून चिडचिडी झालेली नसतील, तर बाकीचे बहुतेक आपोआप जमते. सांदण दरी उरकून अंधारात तंबूच्या खुंट्या शोधायची वेळ आली, तर मात्र मुलगा रडणार, मुलगी कंटाळणार आणि सासूबाईंचे म्हणणे खरे ठरणार.

म्हणून सांदण दरी आणि कळसूबाई दोन्ही या खेपेला वगळा, हे मुलांच्या बाबांना माझ्या नावावर सांगायलाही हरकत नाही. कळसूबाई 1646 मीटर उंच, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आहे. बारी गावातून चढून उतरायला लहान मुलांबरोबर अख्खा दिवस जातो आणि वाटेत लोखंडी शिड्या आहेत. रात्री नव्या जागी अर्धवट झोपलेल्या पाच वर्षांच्या मुलाला पहाटे उठवून तिथे नेणे म्हणजे त्याला डोंगराची कायमची नावड लावणे होय. सांदणमध्ये मोठमोठ्या दगडांवरून उतरावे लागते आणि पावसाळ्यानंतर बरेच दिवस मधल्या टप्प्यात पाणी साचलेले असते. रतनवाडी मात्र अवश्य ठेवा. तिथल्या अमृतेश्वराच्या मंदिरापर्यंत गाडी जाते, सासूबाईंना चढावे लागत नाही, आणि मुलीला कागद-पेन्सिल दिली तर त्या कोरीव खांबांपुढे ती तासभर सहज रमेल. रंधा लांबून पाहण्याचा आहे, कड्याजवळ जाण्याचा नाही.

निघताना घाई करू नका, पण दुपारी तीनच्या आत मुक्कामावर पोहोचायचेच असा नेम ठेवा. नोव्हेंबरच्या मध्यावर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगरांच्या कुशीत त्याआधीच ऊन जाते. जून 2025मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून भिवंडीजवळून थेट इगतपुरीला जाता येते आणि कसारा घाटाची वळणे बोगद्यामुळे टळतात. टोल द्यावा लागेल, पण गाडी लागणाऱ्या मुलाच्या आईला तो जड वाटू नये. तिथून पुढे घोटीवरून भंडारदरा. निघण्यापूर्वी मुलाला पोटभर दूध पाजू नका. कोरडे, थोडेसे खायला द्या आणि गाडीत मोबाईलवर चित्रफिती पाहू देऊ नका, कारण मान खाली घालून पडद्याकडे पाहिल्याने मळमळ वाढते. डॉक्टरांना विचारून घेतलेले औषध असेल तर ते निघण्याआधी द्यायचे असते, उलटी झाल्यावर नव्हे.

मुक्कामासाठी एकाकी जागा शोधू नका. गावातल्या एखाद्या कुटुंबाच्या अंगणात किंवा घरालगतच्या खाचरात तंबू लावू देणारे लोक शेंडी आणि रतनवाडीच्या बाजूला आहेत. ते तंबू भाड्याने देतात आणि जेवणही करून देतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्यामुळे कुठेही मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, हेही एक कारण आहेच. परंतु माझ्या दृष्टीने मोठा लाभ असा की सासूबाईंना घरात खाटेवर झोपता येईल, अचानक पाऊस आला किंवा मुलाला ताप भरला तर दहा पावलांवर पक्के छप्पर असेल, आणि रात्री जवळपास माणसांची जाग आहे एवढ्यानेच तुमची स्वतःची भीती निम्मी होईल. या भागात बिबटे आहेत, पण वस्तीलगत, सगळ्यांनी मिळून राहिल्यास घाबरून जाण्याचे कारण नाही. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडायचे नाही आणि खरकटे बाहेर ठेवायचे नाही, एवढे पथ्य पाळा.

ठरवण्यापूर्वी फोनवर सविस्तर बोला. संडास किती आहेत आणि तंबूपासून किती दूर आहेत, पाणी कुठून येते, तंबू पाण्याच्या कडेपासून किती अंतरावर असतो, त्या दिवशी आणखी कोणते ग्रुप येणार आहेत आणि स्पीकर किती वाजता बंद होतो, हे सगळे विचारा. शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस हसून 'मॅडम, एन्जॉय करायलाच तर येतात लोक' असे म्हणाला तर दुसरी जागा पाहा. शक्य असेल तर शनिवार टाळा. सुट्टीतला मंगळवार किंवा बुधवार मिळाला तर तोच परिसर वेगळा वाटेल. पवना धरणाच्या काठी शनिवारी रात्री जाऊन आलेल्या अनेक कुटुंबांना तंबूपेक्षा ढणढणाटच जास्त आठवतो, असे त्यांच्या पत्रांवरून दिसते.

दिवस निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कालनिर्णय उघडा आणि शुद्ध पक्षातली सप्तमी-अष्टमी कधी आहे ते पाहा. तारे पाहायचे म्हणून हौशी मंडळी अमावास्या गाठतात, पण अंधाराला घाबरणाऱ्या मुलासाठी ती पहिलीच रात्र फार काळी होते. अष्टमीचा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. त्यामुळे मुले जागी असेपर्यंत अंगणात मंद उजेड राहतो आणि नंतर पहाटे बाहेर यावे लागले तर आकाश ताऱ्यांनी भरलेले मिळते. तिथून ध्रुवतारा दाखवणे सोपे आहे. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, आणि भंडारदऱ्याहून ध्रुव क्षितिजापासून सुमारे साडेएकोणीस अंशांवर दिसतो, म्हणजे उत्तरेला एकावर एक दोन मुठी. नोव्हेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, त्यामुळे ते शोधत बसू नका. ध्रुवाच्या वरच्या अंगाला इंग्रजी एम अक्षरासारखी दिसणारी शर्मिष्ठा शोधा. मुठींनी आकाश मोजण्याचा हा उद्योग नऊ वर्षांच्या मुलीला नक्की आवडेल.

जाण्याच्या आठवडाभर आधी घरी रंगीत तालीम करा. कोणाकडून तरी तंबू मागून आणा आणि सोसायटीच्या गच्चीवर लावा (सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, नाहीतर खालून विचारणा सुरू होईल). गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, पण दांडे कसे जोडायचे, वरचे आच्छादन कसे चढवायचे आणि दाराची चेन कुठे अडकते हे मुलांच्या हाताला कळते. दोघांना त्यात दिवस मावळल्यावर तासभर बसू द्या. मुलाची झोपण्याची नेहमीची गोधडी तिथे न्या आणि तीच पुढे भंडारदऱ्यालाही न्या. ओळखीच्या वासाचे पांघरूण असले की अनोळखी जागा लवकर आपलीशी होते. त्याला स्वतःची अशी एक लहान बॅटरी द्या आणि ती पेटवण्या-विझवण्याचा सगळा अधिकार त्याच्याकडे ठेवा. घाबरू नकोस असे दहा वेळा सांगण्यापेक्षा हा उपाय पुष्कळ अधिक लागू पडतो.

मुक्कामावर पोहोचल्यावर मुलांना 'तुम्ही खेळा, आम्ही तंबू लावतो' असे म्हणू नका. कामे खरी द्या, लुटुपुटूची नकोत. मुलीने खुंट्या मोजून घ्याव्यात, दोरी ताणून धरावी आणि निघताना तितक्याच खुंट्या परत मोजून पिशवीत भराव्यात. मुलाने जमिनीवरचे खडे आणि काटक्या वेचाव्यात, पण दगड मात्र कोणीही हाताने उलथू नये. तंबूची जागा किंचित उंचवट्याची असावी, वाळलेल्या फांदीखाली नसावी आणि वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूला दार असावे. वर झाडाला किंवा जवळच्या कड्याला आग्या मोहोळ आहे का, हे स्थानिकांना विचारा. असल्यास त्याच्या आसपास धूर करू नये आणि त्या दिवशी अंगावर अत्तर मारू नये. खाली सतरंजी, तिच्यावर फोमची चटई आणि मग गादी किंवा स्लीपिंग बॅग असा थर हवा, कारण थंडी वरून जेवढी लागते त्यापेक्षा जमिनीतून जास्त चढते. रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरू शकतो. टोप्या आणि पायमोजे बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

इथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधतो. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला पाणी साठलेले दिसेल. तो पाऊस नव्हे, तुमच्याच श्वासातली वाफ थंड कापडावर निवून थेंब झालेली असते. मुलांचा हात किंवा पांघरुणाचे टोक कापडाला टेकले की तिथून ओल उतरते आणि पाच वाजता कोणीतरी ओल्या गोधडीत जागे होते. म्हणून रात्री हवेच्या जाळ्या पूर्ण बंद करू नका आणि मुलांना कडेला न निजवता मध्ये घ्या. कितीही थंडी वाजली तरी शेगडी, निखाऱ्याचे घमेले किंवा गॅस तंबूच्या आत नेऊ नका. दार उघडे असले तरीही नेऊ नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने झोपेतच माणसे दगावतात.

आता सासूबाईंच्या विंचूकाट्याकडे वळू, कारण त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. गंमत अशी की तळ शिवलेल्या, चेन लावलेल्या तंबूच्या आत झोपलेले मूल उघड्यावर जमिनीवर झोपलेल्या माणसापेक्षा पुष्कळ सुरक्षित असते. मण्यारीसारखा निशाचर साप झोपलेल्यांच्या अंथरुणात शिरतो तो अशा उघड्या अंथरुणात. तंबूवाल्यांचा धोका दुसरीकडे असतो : चेन उघडी टाकलेल्या दारात, सरपणाच्या ढिगात, रात्री बॅटरीशिवाय टाकलेल्या पावलात आणि बाहेर काढून ठेवलेल्या बुटात. त्यामुळे नियम असा करा की आत-बाहेर करणाऱ्याने चेन पूर्ण लावायची, बूट पिशवीत घालून आत घ्यायचे आणि सकाळी उलटे करून, आपटूनच पायात घालायचे.

मुलगा रात्री उठेल तेव्हा काय करायचे हे आधीच ठरवून ठेवा. तुमच्यापैकी कोण उठणार, बॅटरी कुठे टांगलेली असणार, चपला कुठे असणार, सगळे ठरलेले असावे. आधी बॅटरी लावायची, मग चेन उघडून बाहेरची जमीन नीट पाहायची, मग चपला झटकायच्या आणि त्यानंतरच त्याला बाहेर उतरवायचे. संडास दूर असेल तर त्या वेळी तिथपर्यंत नेण्याचा आग्रह नको, तंबूपासून थोड्या अंतरावर, पाण्याच्या विरुद्ध बाजूला भागते. रात्री आठनंतर पाणी बेताने द्या आणि एक जोड कपडे उशाशी ठेवा. अंथरूण ओले झालेच तर त्याची चर्चा सकाळी ताईसमोर होऊ देऊ नका.

कोणाला काही चावलेच तर मांत्रिक, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, करकचून आवळपट्टी बांधणे यांतले काहीही करू नका. चावलेला अवयव काठी किंवा फळीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवा, मुलाला चालू देऊ नका आणि ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठा. विंचू चावल्यावर लहान मुलाला उलट्या, दरदरून घाम किंवा हातपाय गार पडणे सुरू झाले तर एक मिनिटही दवडू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाच्या उपयोगावर केलेल्या कामामुळे विंचूदंशाचे मृत्यू खूप घटले आहेत, पण ते औषध वेळेत आणि डॉक्टरांच्या हातूनच मिळायला हवे. सर्पदंशावरची लस असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे जायला रात्री किती वेळ लागतो, हे यजमान कुटुंबाला पोहोचताक्षणी विचारून घ्या. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे, मात्र डोंगराआड मोबाईलची रेंज जाते-येते, म्हणून तुमची गाडी रात्री तोंड रस्त्याकडे करून, कोणाच्या गाडीने अडणार नाही अशी लावलेली असावी.

माझ्या मते सापाविंचवापेक्षा मोठा धोका पाण्याचा आहे आणि त्याची भीती कोणालाच वाटत नाही. 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचा जलाशय काठावरून तळ्यासारखा शांत दिसतो, पण आत बुडालेले उतार, खड्डे आणि गाळ असतो आणि गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल एकदम खोलात जाते. दोन्ही मुले पोहण्याच्या तलावात तरबेज असली तरी इथे पाण्यात उतरायचे नाही. नावेत बसायचे तर प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालायचे, मुलांच्या मापाचे जॅकेट नसेल तर नाव रद्द. धरणाखाली प्रवरेच्या पात्रात दगडांवर बसून डबा खाण्याचा मोहही टाळा, कारण शेतीसाठी आवर्तन सोडले की पात्रातले पाणी वाढते आणि तुम्हाला कोणी फोन करून कळवत नाही. काठावर असताना 'दोघांनी मिळून लक्ष ठेवू' ही व्यवस्था फसवी असते. त्या त्या वेळी एकच मोठा माणूस नेमलेला असावा आणि त्याच्या हातात मोबाईल नसावा.

जेवणाचा फार विचार करू नका. वाटेसाठी दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी न्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. रात्री यजमानांकडे पिठले, नागलीची किंवा तांदळाची भाकरी आणि भात सांगा, मुलांसाठी मेतकूट-तूप जवळ असू द्या. मात्र एक पदार्थ तुम्ही स्वतः चुलीवर करा, मग तो साधा चहा असो किंवा मूगडाळीची खिचडी. पाणी उकळायला किती वेळ लागतो हे मुलांना घरच्या गॅसवर कधी कळत नाही. शेकोटी यजमान दाखवतील त्याच जागी, गवत काढलेल्या मातीवर करावी. नदीतले ओले दगड चुलीला लावू नयेत, ते तापून फुटतात. विस्तवाजवळ मुलांच्या अंगात नायलॉनचे जॅकेट नको, सुती किंवा लोकरीचे कपडे हवेत. झोपण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतून, ढवळून, राख हाताला गार लागेपर्यंत थांबा.

नऊच्या पुढे कार्यक्रम ठेवू नका. अंताक्षरी, भेंड्या, बक्षिसे यांची यादी तुम्ही पत्रासोबत जोडली आहे, ती घरीच राहू द्या. सासूबाईंना शेकोटीपाशी बसवा आणि त्यांच्या लहानपणच्या गावाबद्दल मुलीला प्रश्न विचारू द्या, तेवढ्यात नऊ सहज वाजतील. रात्री टिटवी ओरडली की त्या अपशकुनाचा विषय काढतील, तेव्हा टिटवी जमिनीवरच घरटे करते आणि कोणी फिरकले की ओरडते, हे तुम्ही मुलांना सांगून टाका. रातव्याचा एकसुरी 'चकूऽ चकूऽ' ऐकू आला तर तो पक्षी आहे हेही मुलाला आधीच माहीत असलेले बरे. मोबाईलबंदी करायची असेल तर ती चौघांसाठी असावी, फोटोंसाठी एक फोन पुरतो.

तंबू विकत घेण्याबद्दल विचारले आहे. आत्ता घेऊ नका. पहिल्या खेपेला भाड्याचा वापरा आणि मुलांनीच पुन्हा जायचा हट्ट धरला तर दुसऱ्या सहलीपूर्वी घ्या. तेव्हा 'चार माणसांचा' असे लिहिलेल्या तंबूत चार माणसे खांद्याला खांदा लावून मावतात आणि बॅगा बाहेर राहतात, हे लक्षात ठेवून सहा माणसांचा पाहा. वरचे आच्छादन जमिनीपर्यंत येणारे असावे, नुसती टोपीसारखी झालर नको. दुकानात तो उभा करून दाखवायला सांगा आणि आत झोपून पाहा. घरी आल्यावर गच्चीवर पूर्ण वाळवूनच घडी घाला, कारण दवाने दमट राहिलेला तंबू पिशवीत आठवडाभर पडला तरी त्याला बुरशी धरते आणि तो वास मग जात नाही.